दिडकीत थांबायला शिकवणारे हैबती पंतोजी

डोंगरातून गाडीवाट नव्हती, पायवाटच होती, तेव्हाची ही गोष्ट. खिरणवाडीत हैबती पंतोजी शाळा चालवत. त्यांची पोरं दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, अशी गात की वाटसरू ओझं उतरवून ऐकत बसायचे. असं म्हणतात, शाळेपुढच्या पिंपळावरच्या साळुंक्यासुद्धा ‘एक दिढं दीड, दोन दिढं तीन’ म्हणू लागल्या होत्या.

ओढ्यापलीकडे निवळीत माणकोजी पंतोजींची शाळा होती. तिथली पोरं चिंचोके मांडून हिशेब करत. हैबती चारचौघांत म्हणायचे, "माणकोजींची पोरं म्हणजे कोंबड्या. वेचतात नुसती!"

मग ग्रामदेवीच्या भंडाऱ्याचा दिवस आला. आचारी परगावचा, नवखा होता. त्यानं हाक मारली, "आमटीच्या हंड्याला दीड मूठ मीठ. तीन हंड्यांना किती हो?"

"माझा गेनू सांगेल," म्हणत हैबतींनी शाळेतलं एक पोर पुढं केलं.

गेनूनं डोळे मिटले आणि दिडकी धरली. तीन दिढं साडेचार आलं आणि गेलं. पोर गातच राहिलं. पंतोजी शेजारी उभे राहून मान डोलवत होते. जत्रेच्या गलबल्यात आचाऱ्याला शेवटचं तेवढं ऐकू आलं, ‘दहा दिढं पंधरा’. पंतोजींची मान डोलते आहे म्हटल्यावर त्यानं पंधरा मुठी टाकल्या.

पंगतीत पहिल्याच घासाला सगळे थुंकले. गेनूचा बाप त्याला कान धरून हैबतींपुढं घेऊन आला. "उद्यापासून मेंढरांमागं जा. मेंढरं तरी आमटी नासत नाहीत!"

गेनू रडत म्हणाला, "गुरुजी, मधी कसं थांबायचं ते तुम्ही शिकवलंच नाही की."

असं म्हणतात, हैबतींचा चेहरा तेव्हा असा उतरला की देवीनंही मान फिरवली. त्या दिवसापासून त्यांनी जन्मभर अळणी खाल्लं.

गेनू मेंढरांमागं गेला, पाठोपाठ बाकीची पोरंही गळू लागली. तेव्हा हैबती ओढा उतरून निवळीला गेले. सगळा गाव बघत होता. त्यांची मान वर होईना.

माणकोजी ओट्यावरच होते. "काय पंतोजी, अडला हरी?"

"पाय धरायलाच आलोय."

"म्हणजे गाढव मी का?" माणकोजी हसले. पण समोरच्याला हसू येत नव्हतं, तसे तेही थांबले.

"माझं अडलंय," हैबती म्हणाले. "मी शिकवताना तुम्ही पोरांत बसा. पोरं कुठं सुटतात, मला कळत नाही."

माणकोजी ओट्यावरून खाली उतरले. मग हळूच म्हणाले, "येतो. पण मग तुम्हीही माझ्याकडे या. माझ्या पोरांचे चिंचोके काढून घेतले की त्यांना दोन नि दोन किती तेही सांगता येत नाही. मी कुणाला बोललो नाही."

निवळीत ज्यांचा एवढा दरारा, ते माणकोजी दुसऱ्या दिवशी खिरणवाडीच्या पोरांत मांडी घालून बसले. दिडकी सुरू झाली आणि त्यांना दिसलं, सगळ्या पोरांचे डोळे मिटलेले. पोरांना चाल येत होती, आकडा येत नव्हता. त्यांनी हैबतींना मधेच टाळी वाजवायला सांगितली. टाळीला थांबायचं आणि जो आकडा तोंडात असेल तेवढे चिंचोके मांडायचे, अर्ध्याला फोडलेला अर्धा. पहिल्या दिवशी एकालाही थांबता आलं नाही. हैबती भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच टाळी वाजवली, आणि नंतर ओढा ओलांडून माणकोजींच्या पोरांत जाऊन बसले.

थंडी सरता सरता पिंपळावरच्या साळुंक्याही टाळीसरशी गप्प होऊ लागल्या, असं म्हणतात. ते ऐकून गेनूच्या बापानं मेंढरं आपल्या धाकट्या भावाच्या हवाली केली आणि गेनूला स्वतः शाळेत आणून सोडलं.

आजही भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या खोऱ्यातले सगळे शिक्षक खिरणवाडीत जमतात. एक जण शिकवतो, बाकीचे पोरांत बसतात आणि पोरांच्या तोंडाकडे बघतात. त्याआधी शिकवणाऱ्यानं ‘हैबतींचं बोलणं’ म्हणायचं असतं, "माझं इथं अडतंय." मोठमोठ्या परीक्षा दिलेल्यांचेही कान तेव्हा लाल होतात. कुणी हसत नाही. आज ना उद्या आपलीही पाळी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.