ठकूच्या झग्याची गाठ

फार मागची गोष्ट, बाळांनो. आता तिथं ऊस उभा आहे, पण तेव्हा डोंगराच्या कुशीत हिरवागार पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर नागवेली चढलेल्या, आत गारगार सावली, आणि उन्हाचे कवडसे असे नाचायचे, जसे सोन्याचे मासेच! मळ्यात वहाण घालून जायचं नाही, आणि कोवळ्या वेलींपाशी लहान पोरं न्यायची नाहीत, अशी तिथली रीत.

त्या मळ्यात भागा पानं खुडायची. तिची लेक ठकू, चार वर्षांची. दोघींना दुसरं कुणी नव्हतं. भागा रोज सकाळी लेकीला शेजारच्या गजराआत्याकडं ठेवायची. रडेल म्हणून म्हणायची, "ठकू, ती बघ चिमणी!" ठकू वळली, की ही मागच्या मागं पसार.

झालं काय, ठकू चिमण्यांनाच भ्यायला लागली. खेळेना, झोपेना. आई घरी असली तरी पदर मुठीत.

"अगं, चूल तरी पेटवू दे!"

"मी पदर धरते, तू पेटव."

गजराआत्या हसायची, "भागे, लेकीला पदरालाच शिवून टाक!"

आई गेली की ठकूजवळ उरायची एक जांभळी चिंधी, आईच्या जुन्या लुगड्याची. नाकाशी धरली की आईचा वास यायचा.

एकदा ती चिंधी घेऊन ठकू आईच्या मागोमाग निघाली, ती मळ्याच्या कुंपणाशी पोचली. गवतात बुलबुलाचं पिल्लू पडलेलं. इवलीशी चोच उघडी, अंग थरथर कापतंय. वर हाताशी येईल एवढ्यावर घरटं. ठकूनं चिंधीचा एकदाच वास घेतला. मग पिल्लाला तिच्यात गुंडाळून घरट्यात ठेवलं.

"आणि तुला गं काय राहिलं?"

पोपटी पानावर बोटभर परी बसली होती. दवाचे पंख, पायात मोहरीएवढ्या घुंगरांचे पैंजण.

"एक माग, सोनुले. पण तुझ्या आईला जे मागशील, ते या पिल्लाच्या आईलाही लागू होईल."

"आईनं कधीच जाऊ नये!"

छुन्! पैंजण वाजले. पिल्लाची आई घरट्यात येऊन बसली, ती हलेचना. पिल्लू चोच वासून वासून दमलं.

"जाऊ दे तिला!" ठकू ओरडली. "त्याला भूक लागलीय!"

"परत घेतलेलं मागणं मी मोजत नाही," परी हसली. "आता?"

ठकूनं खूप विचार केला. "आईनं मला सांगून जावं. आणि सांगून गेली की परत यावं."

"मग सकाळी ती तुझ्या डोळ्यांत बघून झग्याच्या टोकाला गाठ मारील, संध्याकाळी तीच सोडील. गाठीत मी बसेन. तू गाठ विसरलीस, की मी निघाले."

ठकूनं आईला सगळं सांगितलं. भागानं तिला मांडीवर ओढून घेतलं. "चुकलंच गं माझं. मला वाटायचं, जाताना दिसले नाही, तर तुला रडू येणार नाही."

दुसऱ्या दिवशी गाठ बसली. "दिवे लागायच्या आत येते." ठकू रडली, मोठ्यानं रडली. पण गाठ मुठीत उबदार लागत होती. दिवसभर चाचपली. आणि आई आली! रोज आली. एकदा उशीर झाला, तर धापा टाकत पळत आली, पण आली.

मग एका संध्याकाळी भागा आली, तर दारात ठकू नाही. आत्याच्या अंगणात चिमण्यांना कण्या टाकत बसलेली.

"ठकू, गाठ सोडायची ना गं?"

"थांब की आई! या लंगडीचं खाऊन होऊ दे."

भागानं वाकून हळूच गाठ सोडली. आतून पोपटी उजेड उसळला, चिमण्यांचे पंख सोनेरी झाले, मळ्याचं पान न् पान लखलखलं. छुन्! परी त्या उजेडात विरघळून गेली.

भागानं पदर चाचपला. धरायला कुणी नव्हतं. इवल्या मुठीच्या चुण्या तेवढ्या पदराला होत्या. ते लुगडं तिनं घडी घालून पेटीत ठेवलं, आणि पुन्हा कधी धुतलं नाही.