आपोआप उघडणारी बंदूक

“पण ती मिटलीच नाही, तर मी काय करणार होतो बुवा?”

उदाजीराव इनामदारांनी पुन्हा तेच विचारलं. त्यांच्या मांडीवर दुनळी बंदूक आडवी होती. गोसावीबुवांच्या मठीत आजवर कुणी हत्यार घेऊन शिरलं नव्हतं. पण इनामदारांना ‘बाहेर ठेवा’ कोण म्हणणार?

बुवा धुनीतली राख सारखी करत होते. आभाळ भरून आलं होतं आणि भर दुपारी मठीत अंधारलं होतं.

“काय झालं ते नीट सांग,” बुवा म्हणाले.

“रानात शिकारीचा हाका चालला होता. डुक्कर समोर आलं. मी दोन्ही बार टाकले. लागलं, पण पडलं नाही. खाली ओढ्याच्या अंगाला माझा गडी उभा होता, धाकलू. ते त्याच्यावर गेलं.”

“मग?”

“मी बंदूक उघडली. काडतुसं घातली. आणि मिटेना... जोर केला, तरी मिटेना. मिटली तोवर...”

धाकलूच्या घरचं सुतक अजून फिटलं नव्हतं.

बुवांनी राखेतला हात काढला.

“माझ्याकडं कशाला आलास?”

“धाकलूचा बाप माझ्याशी बोलत नाही. लुमाण्णा. दारावरून जातो, पण मान वर करत नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला. गावात कुजबुज आहे, सरकार भ्याले म्हणून. मी भ्यालो नाही बुवा. लुमाण्णा फक्त तुमचं ऐकतो. तुम्ही एवढंच सांगा त्याला, की सरकारांची बंदूक बिघडली होती. म्हणजे सगळं मिटेल.”

“काय बिघडलंय तिच्यात?”

प्रश्न बंदुकीचा निघाला आणि एवढ्या दुःखातही उदाजीरावांचा चेहरा खुलला. माणसाचा तोरा फार चिवट असतो. मयताच्या घरीही तो पायताण बाहेर काढून ठेवत नाही.

“ही साधी दुनळी नाही बुवा. साधी असली तर हाताचा जोर देऊन नळ्या खाली मोडाव्या लागतात. हिच्या पोटात स्प्रिंगा आहेत. वरची कळ सरकवली, की नळ्या आपसूक खाली पडतात. घाईच्या वेळी लवकर भरता यावी म्हणून ही करामत. या टापूत दुसऱ्या कुणाकडं नाही.”

“आणि मिटताना?”

“मिटताना त्याच स्प्रिंगा पुन्हा दाबून बसवायच्या. तिथं मात्र ताकद लागते.”

“म्हणजे उघडताना जो जोर वाचला...”

“तो मिटताना द्यावा लागतो. विकणाऱ्यानं घेतानाच मला बजावलं होतं, की मिटायला जड...”

उदाजीराव थांबले.

बुवांनी धुनीत एक लाकूड सारलं. बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती.

“मग बिघडलं काय?” बुवांनी विचारलं.

“पण आजवर ती कधी अडली नव्हती! इतक्या शिकारी झाल्या. जड म्हणून कधी जाणवली नाही. देवाशपथ सांगतो.”

“उघड बघू.”

बंदूक रिकामीच होती, तरी उदाजीरावांनी नळ्यांचं तोंड दाराकडं धरलं. कळ सरकवली. नळ्या खटकन खाली पडल्या. खरोखर, बोटाचंच काम होतं ते.

“आता मिट.”

उदाजीरावांची नजर बुवांच्या चेहऱ्यावर होती. ती तिथून ढळली नाही. त्यांनी उघडी बंदूक उजव्या हातात घेतली आणि खांद्यावरून मागं धरली. मान वळवली नाही. हात तसाच वाट बघत राहिला.

मागं मठीची भिंत होती.

बुवा त्या हाताकडं बघत राहिले.

बऱ्याच वेळानं उदाजीरावांनाही तो हात दिसला. त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. त्या क्षणी त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

“धाकलू घ्यायचा,” ते म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू आला. “मी उघडून मागं द्यायचो... तो भरायचा, मिटायचा आणि हातात ठेवायचा.”

“नेहमी?”

“नेहमी. पोरसवदा होता तेव्हापासून.”

“आणि त्या दिवशी तो खाली कसा?”

“हाक्याला माणसं कमी पडली... मीच म्हटलं, जा तू खाली.”

त्यांनी बंदूक पुढं ओढली. गुडघ्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी नळ्या वर रेटायला लागले. नळ्या अर्ध्यावर आल्या, तेवढ्यात हात निसटला आणि त्या परत खाली पडल्या. त्यांनी पुन्हा रेटल्या. कपाळावर घाम आला. डोळ्यांतलं पाणी लाकडी दस्त्यावर पडलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“मिटतो... थांबा बुवा, मी मिटतो.”

बुवांनी नळ्यांवर हात ठेवला.

“राहू दे.”

“मग लुमाण्णाला काय सांगाल?”

बुवा उठले. त्यांनी ती उघडी बंदूक उचलली आणि उदाजीरावांच्या ओंजळीत आडवी ठेवली.

“मी काही सांगणार नाही. ही अशीच घेऊन त्याच्या दारात जा. त्याला म्हण, माझ्यानं मिटत नाही, मिटून दे.”