शिकवणाऱ्याचा वड

कातळवाडीच्या वेशीवरल्या वडाची एक आडवी फांदी घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पाहुणे विचारतात, इथं काय बैल बांधत होते? मग गावची जुनी माणसं हसतात आणि येसाईची हकिगत सांगायला बसतात.

फार पूर्वी म्हणे या माळावर घायपाताखेरीज काही उगवत नसे. सुगी सरली की दाराला कडी घालून गाव जगायला बाहेर पडे. पाय थकलेली म्हातारी माणसं मागे राहत, आणि परतणाऱ्यांना ती भेटतीलच असं नसे. एका वर्षी येसूची, म्हणजे याच येसाईची, सासू ठकूबाई अंथरुणाला खिळली. येसू तिला सोडून जाईना. ती दोर वळणाऱ्यांची लेक. तिनं घायपात भिजवलं, कुटलं, त्याचा पांढराशुभ्र धागा, म्हणजे वाख, काढला आणि घरोघर जाऊन म्हणाली, "कुठं जाताय? प्वाट हितंच उगवलंय. म्या शिकिवते."

लोक हसले, पण थांबले. दोन महिने गाव दोर वळत होतं. त्यात म्हाळू नावाचा एक गडी म्हणजे आनंदीआनंदच! त्याचा दोर इथं बोटाएवढा, तर तिथं मनगटाएवढा. येसूनं तो सात वेळा उकलायला लावला आणि आठव्यांदा वळून घेतला.

बाजारात मात्र बागाईतदारांनी नाकं मुरडली. "शिकाऊ हाताचा माल. मोटेला लावला अन् तुटला, तर बैल तोंडावर पडतील." मजुरीचे दिवसही निघून गेले होते. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणत गाव येसूकडे बघू लागलं.

येसू म्हणाली, "मला मोटंत बसवून हिरीत सोडा. दोरानं मला वर आणली, तर घ्याल?"

"तुझ्या हातचा दोर असंल की!" एक बागाईतदार म्हणाला.

"न्हाई. म्हाळूचा लावा."

म्हाळू पुढं धावला. "वैनी, माझा नगं. पाया पडतो."

बागाईतदाराच्या विहिरीवर म्हाळूचाच दोर लावून येसू मोटेत बसली. मोट खाली गेली, पाण्यानं भरली आणि तिच्यासकट वर येऊ लागली. दोर कुरकुरला, पण तुटला नाही. काठावर पाय टेकताच येसू मटकन बसली आणि पोरीसारखी रडली. "लई भ्याले व्हते रं," ती म्हणाली. म्हाळू तर तिच्याआधीच रडत होता.

सगळे दोर त्याच दिवशी खपले. त्या वर्षी वाडीतल्या एकाही दाराला कडी लागली नाही. ठकूबाई पुढची पाच वर्षं सुनेला नावं ठेवत सुखानं जगली, असं सांगतात.

आजही चैत्रात नवशिक्यांचे पहिले दोर या फांदीला बांधतात, आणि ज्यानं शिकवलं त्यानं त्या दोराला लोंबकळायचं असतं. दोर टिकला, तर शिकणाऱ्याच्या नावानं गूळ वाटतात. तुटला, तर गाव पोट धरून हसतं ते शिकवणाऱ्याला. शिकणाऱ्याला कुणी हसत नाही.