खोतांच्या वाढपाचा मान

हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, आणि त्यात खणलेल्या ह्या तीन चुली. दगड आतून काळा पडलाय तो दर वर्षीच्या जाळाने. बाजूला उभा क्रूस दिसतोय, त्याच्या पायथ्याशी संगमरवरी पाटी आहे: खोत घराण्याच्या औदार्याची आठवण म्हणून. खालच्या रस्त्यावरचे हॉटेलवालेही तुम्हाला हेच सांगणार. रेवखोलचे खोत इतके मोठ्या मनाचे, की सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे देवाच्या आईच्या सणाला, स्वतः कमरेला पंचा बांधून मिठागरातल्या माणसांना भात वाढतात आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतात.

वाढतात हे खरं आहे. औदार्य हे खोटं आहे. मी सोमा घाड्याचा पणतू, गुऱ्हाळवाल्यांच्या घरातला. आमच्या घरात ही गोष्ट जशी सांगतात तशी सांगतो. बसा त्या सावलीला.

त्या काळी ह्या गावात ख्रिस्ती माणसांचे दोन भाग होते, असे सांगतात. वरच्या वाडीत खोत आणि त्यांचे भाऊबंद, खाली खाडीला मिठागरात राबणारे. देऊळ म्हणा, कपेल म्हणा, सायबीण एकच. पण फेस्ताच्या दिवशी खोतांची पंगत मांडवात बसायची, आणि त्यांचं उरलंसुरलं कपेलाच्या भिंतीबाहेर मिठागरवाल्यांच्या पानावर पडायचं. प्रार्थना एका तोंडाने, जेवण दोन भांड्यांतलं. पाद्रीसुद्धा काही बोलत नसे. तो खोतांच्या पंगतीत बसे.

खालच्या वाडीत इनास नावाचा एक जवान होता. पायाला मिठाने चिरा पडायच्या, त्याला कंटाळून तो बोटीवर गेला आणि भटारखान्यात कामाला लागला. किती मुलुख बघितले त्याचे त्यालाच ठाऊक. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरात त्याची बोट लागली, तेव्हा तिथे सण होता म्हणे. भर रस्त्यात मोठी उथळ कढई मांडलेली, तिच्यात मसाल्याचा लालभडक भात, आणि भातात आतड्यात डुकराचं मांस भरून केलेले चोरिस. भोवती गोदीतले हमाल, दुकानदार, बोटीचा कप्तान, सगळे एकाच कढईतून जेवत होते. इनास लांब उभा राहून बघत होता. आपल्या गावच्या सवयीने भिंत शोधत होता, असं माझे आजोबा म्हणायचे. तर एका बाईने त्याला हाताला धरून नेलं आणि कढईपाशी बसवलं. तो जेवला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीने नव्हे.

परतीच्या वाटेवर बोट वादळात सापडली. डोलकाठी मोडली, माणसं वाहून गेली. इनासने सायबिणीला नवस केला, की मला रेवखोलच्या किनाऱ्याला लाव, तुझ्या फेस्ताला मी तसाच भात शिजवीन आणि अख्ख्या गावाला एका भांड्यातून वाढीन. सायबिणीने त्याला किनाऱ्याला लावलं.

फेस्त जवळ आलं तसा इनास खोतांच्या अंगणात गेला. तेव्हाचा खोत जुजे. अंगणातून वर ओटीवर यायची खालच्या वाडीला परवानगी नव्हती, म्हणून खालूनच त्याने नवसाचं सांगितलं. जुजे खोत हसला म्हणे. म्हणाला, "शिजव की. पण आमचा भांडा वेगळा. आमचा आधी शिजतला, आमी आधी जेवतलो. मिठागरवाल्यांच्या भांड्यातला आमच्या घरातलो कोण खावचो नाय."

इनास म्हणाला, "माझो नवस एका भांड्याचो आसा. दोन भांडी झाली तर तो नवस रवाचो नाय."

एवढंच बोलला. पण ओटीवरच्या माणसाला अंगणातल्या माणसाचं 'नाही' ऐकायची सवय नव्हती. जुजे खोताने कपेलातले मोठे टोप कुलपात घातले. कपेलाच्या आवारात चूल पेटवायला बंदी. तिथल्या विहिरीवर माणूस बसवला, की इनासला पाणी भरू द्यायचं नाही. देवाच्या आईची विहीर, आणि तिचाच नवस फेडायला तिचं पाणी मिळेना.

इनास हटला नाही. त्याने हा सडा निवडला, कारण सडा कुणाच्याच मालकीचा नव्हता. मिठागरातल्या पुरुषांनी पहारीने ह्या तीन चुली खणल्या. बायकांनी खाडीपलीकडून डोकीवर पाणी आणलं, उकडे तांदूळ आणले, घराघरांत धुरावर टांगलेल्या चोरिसच्या माळा उतरवल्या. सगळं जमलं, भांडं जमेना. गावाला पुरेल एवढं भांडं खोतांच्या कुलपाबाहेर एकच होतं. ते म्हणजे आमच्या गुऱ्हाळावरची काहील, ज्यात उसाचा रस आटवतात ती.

इनास आमच्या पणजोबांकडे आला, पण काहील मागायला धजेना. कारण त्यालाही माहीत होतं. आम्ही हिंदू, गूळ देवाच्या नैवेद्याला जायचा. ज्या काहिलीत डुकराचं मांस शिजलं तिच्यातल्या गुळाला पुन्हा कुणी शिवलं नसतं. ऊस उभा होता, हंगाम भरात होता.

पणजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इहिरीवर माणूस बसवलो, ह्या खरा?"

"खरा."

पणजोबा उठले आणि काहिलीखालचा जाळ ओढून काढला. आमच्या भावकीतली माणसं धावत आली, ओरडू लागली. पणजोबा म्हणाले, "काहील माझी. तिच्यात काय शिजवूचा ता मी ठरवतलंय." आणि तिचा एक कान स्वतः धरून इथवर चढले.

फेस्ताच्या सकाळी इनासने काहील चुलींवर ठेवली. चोरिस फोडून त्यांच्याच चरबीत परतले, त्यात कांदा, लसूण, घरच्या मिरचीचं वाटण आणि माडाचा शिरका. त्या परदेशात कसली लाल पूड घालत, ती इथे कुठून येणार? मिरचीनेच रंग धरला. मग तांदूळ, पाणी, वरून केळीची पानं, पानांवर निखारे. आणि कुणी ढवळायचं नाही, ही त्याची ताकीद.

दुपारी इथे वारा समुद्रावरून डोंगराकडे जातो. तुम्हालाही आत्ता तो लागतोय. त्या दिवशी मात्र, असे सांगतात, वारा एकाएकी पडला आणि उलटा फिरला. सड्यावरचा वास खाली मांडवात उतरला. खोतांची पानं मांडून झाली होती. सगळ्यांच्या माना सड्याकडे वळल्या.

त्या मांडवातून पहिली उठली ती जुजे खोताची आई, इस्पेरान्सबाय. ऐंशीच्या घरातली बाई. कुणाचा हात न धरता चढ चढून वर आली आणि मिठागरवाल्या बायकांच्या रांगेत दगडावर बसली. मागोमाग खोत धावत आला. तिला उठ म्हणाला, गाव हसेल म्हणाला.

ती म्हणाली, "भात निवता. तूय बस, नायतर बाजूक सर."

तो बसला नाही, सरलाही नाही. सगळ्या गावासमोर उभा राहिला. मग म्हातारीने पानावरचा पहिला घास घेतला, सावकाश खाल्ला आणि त्याच्याकडे न बघता निकाल दिला. "सायबिणीचा पाणी अडवलंस. आता डाव हातात घे. ह्या वर्सापासून आमच्या घरान वाढूचा आणि सगळ्यांच्या मागसून जेवूचा."

आईचा शब्द. जुजे खोताने डाव उचलला.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटतं. आमच्या घरात ती संपली नाही. त्या वर्षी आमचा ऊस गुरांना घातला. भावकीने आमच्याकडचं पाणी सोडलं. खोताने वाढलं म्हणून त्याचं नाव पुढे दगडावर आलं, आणि ज्याने काहील दिली त्याच्या दारात कुणी फिरकेना. फिरकले ते मिठागरवाले. पुढच्या हंगामाला ते खाडीपलीकडच्या बाजारातून नवी काहील खांद्यावर घेऊन आले. पहिला गूळ निघाला तो त्यांनीच उचलला, आणि त्या फेस्तात इनासने प्रत्येक पानावर भाताशेजारी गुळाचा खडा ठेवला. म्हणून तिखट भाताबरोबर इथे गूळ वाढतात. तुमच्या हॉटेलात ते म्हणतात, तिखट मारायला.

मी? नाही, मी हा भात कधी चाखलेला नाही. आमच्यात चालत नाही. पण गूळ आमच्याच घरचा असतो आणि तो द्यायला मी स्वतः येतो.

आजही फेस्ताला खोतांची मुलं मुंबईहून, आखातातून येतात, पंचे बांधतात, डाव धरतात. माणसं त्यांचे फोटो काढतात. शेवटचं पान उठलं की मग ती ह्या दगडावर बसतात आणि काहिलीच्या बुडाचा करपलेला भात खरवडून खातात. तुम्ही त्या दिवशी आलात तर जरूर बघा. पण त्याला औदार्य म्हणू नका. ती एका म्हातारीने दिलेली शिक्षा आहे, आणि तिची मुदत तिने सांगितलेली नाही.