टाळीपट्टीच्या देशातला नावाडी

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळाच्या साक्षीला आता फक्त नद्या उरल्यात त्या काळी, आबाद नावाचा एक देश होता. सगळं आबाद आहे हे बारशालाच ठरून गेल्यामुळे पुढे कुणी ते तपासायला गेलं नाही.

त्या देशाचा राजा मोठा हौशी. शेतसाऱ्याचं धान्य वसूल करायला गेलं की लोकांच्या कणग्या रिकाम्या निघत, आणि रिकाम्या कणग्या पाहून राजाचं मन खट्टू होई. शेवटी प्रधानाने तोड काढली. म्हणाला, "महाराज, माणूस उपाशी असला तरी टाळी देऊ शकतो." झालं, साऱ्याऐवजी टाळीपट्टी बसली. दिवस मावळताना नगारा वाजायचा आणि तो पुन्हा वाजेपर्यंत प्रत्येकाने राजधानीकडे तोंड करून टाळ्या पिटायच्या. गावोगावी मचाणावर एक सरकारी कानदार बसायचा. कुणाच्या टाळीत दम नाही ते तो हुडकून काढी, आणि मग ते घर गावात दिसत नसे.

माणूस कशालाही सरावतो. श्रीमंतांनी टाळ्यांना गडी ठेवले. सोयरीक जुळवताना रंग नि शेत मागे पडलं, आधी तळहात दाखवायला सांगू लागले. हाताला फोड, खुरपं धरवेना, रानात तण माजलं. पण टाळ्या वर्षागणिक वाढत होत्या, म्हणून देशाची भरभराट चालली आहे असंच जाहीर होत होतं. हसू नका. उपाशीपोटी ते ऐकून लोकांनाही बरं वाटायचं, असं म्हणतात.

या देशाच्या टोकाला, साळू नदीच्या काठी उतारवाडी. तिथे गेनू नावाडी राहायचा. नदीचं पात्र रुंद, पलीकडे सदा धुकं, दिसत काही नसे. म्हणून जुनी रीत अशी, की पैलतीरी कुणी उतारू आला तर त्याने टाळी वाजवायची आणि गेनूने नाव काढायची. पलीकडच्या काळ्या कड्यावर घुमून टाळी लांबवर ऐकू यायची. टाळीपट्टी आली आणि सगळा घोळ झाला. गाव टाळ्या पिटू लागलं की त्याच टाळ्या कड्यावरून परत येत. पलीकडून कुणी बोलावतंय की आपलंच गाव घुमतंय, काही कळेना.

सुरुवातीला गेनूही बसून राहिला. एके सकाळी पलीकडे गेला, तर एक बाई तापाने गेलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. वैद्य अलीकडे, उतारवाडीत होता. आदल्या सांजेला गावाच्या गजरात टाळ्या वाजवून तिचे हात सुजले होते; गजर थांबेतो उशीर झाला होता. तिने ते हात गेनूपुढे धरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून नगारा झाला की गेनू नाव काढायचा. त्याच्या वाटणीच्या टाळ्या त्याची बायको ठकू स्वतःच्या टाळ्यांवर चढवून द्यायची. रोज तो रिकाम्या नावेनं परत यायचा. लोक चेष्टा करत. तो एवढंच म्हणायचा, "नसंल कुणी. पर असलं तर?"

मग एका पावसाळ्यात खुद्द राजा उतारवाडीच्या टाळ्या ऐकायला आला. साळूला पूर आलेला, झाडंच्या झाडं वाहत होती. नगारा झाला, टाळ्या सुरू झाल्या, कडा घुमू लागला. गेनू उठला.

ठकू म्हणाली, "आज नको. पल्याड कुणी न्हाई, आपलाच आवाज हाय."

"असंलही," गेनू म्हणाला. मग तो पाटलासमोर गेला. "पाटील, पळभर हात थांबवा. मी कान देऊन ऐकतो. कुणी नसलं तर न्हाई जात."

मागणं एवढंच होतं. पाटलाने कानदाराकडे पाहिलं, कानदाराने प्रधानाकडे, प्रधानाने राजाकडे. राजा डोळे मिटून डोलत होता. प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याने थांबावं, मग मी थांबतो. थांबलं कुणीच नाही. थांबली ती एकटी ठकू. पण एवढ्या गजरात दोन हात थांबलेले कुणाला कळणार?

गेनूने नाव लोटली. मधल्या भोवऱ्यात नाव फिरू लागली तेव्हा साऱ्या गावाला दिसलं. भीतीने लोकांचे हात आणखी जोरात चालू लागले. राजा खूश झाला, असं म्हणतात. असल्या टाळ्या त्याने उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्याने तिथल्या तिथे उतारवाडीला देशातलं पहिलं गाव म्हणून मान दिला.

शेवटी नगारा वाजला आणि सगळं शांत झालं; नाव तोवर दिसेनाशी झाली होती. त्या शांततेत पैलतीरावरून टाळी आली. स्पष्ट, एकाच माणसाची. कुणी म्हणतं, तो गेनूच होता, पोचल्याचं सांगत होता. कुणी म्हणतं, खरंच एक उतारू उभा होता. जाऊन पाहायला गावात दुसरी नाव नव्हती. ठकू काठावर बसून राहिली. त्यानंतर तिने कधी हाताला हात लावला नाही, देवापुढेही नाही.

पुढे आबाद देश बुडाला. कधी, कसा, ते कुणाला ऐकू आलं नाही.

उतारवाडी मात्र आहे. दर पावसाळ्यात, साळूला पहिला पूर आला की दिवस मावळताना सारं गाव काठावर येतं आणि हात मोकळे सोडून पलीकडचं ऐकत उभं राहतं. त्या गावात कुणीच टाळी वाजवत नाही. भजन टाळीविना होतं, शाळेत मुलाने छान कविता म्हटली तर नुसती पाठ थोपटतात.

मागे नदीवर पूल झाला. उद्घाटनाला मोठे साहेब आले, भाषण झालं, आणि समोर सगळं गाव गप्प. साहेबांचा चेहरा उतरला. तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली,

"राग नका मानू, साहेब. हितं टाळी वाजली की गेनू नाव काढतो."