न कळण्याचा वाटा

एका खाडीच्या मुखाशी एकदा एक वृद्ध तांडेल राहत होता. तीस होड्यांची वस्ती त्याच्या शब्दावर समुद्रात जाई. त्याच्या एका शिष्याने स्वतःची पहिली होडी पाण्यात लोटली, नेमक्या त्याच दिवशी तांडेलाने मासळीसाठी नावाजलेल्या, पाण्याखालच्या घोडखडकाभोवती लाल तरंगते बोये बांधले. म्हणाला, "यांच्या आत जाळे पडणार नाही."

शिष्याचे चारही खलाशी घोडखडकाच्या भरवशावर आले होते.

"बाबा, तिथली मासळी आटली का?"

"ठाऊक नाही."

"एक विद्वान म्हणतो भरपूर आहे, दुसरा म्हणतो संपत आली. खरा कोण?"

"तेही ठाऊक नाही."

एक खलाशी फिदीफिदी हसला. "म्हातारा पाण्याला कुंपण घालतोय!" तो आणि दुसरा एक, दोघे त्याच दिवशी होडी सोडून गेले.

संध्याकाळी वाळूत मासळीचे वाटे पडले. तांडेलाने एकावर काठी टेकवली. "हा कोणाचा?"

"होडीचा."

"होडी मासे खाते?"

"नाही. पण फळी कधी कुजेल सांगता येत नाही. म्हणून तिचा वाटा आधी काढतात."

"हा?"

"जाळ्याचा. तेही कधी फाटेल, सांगता येत नाही."

"आणि समुद्रात मासळी किती, ते सांगता येते?"

"नाही."

"मग त्या न कळण्याचा वाटा कुठे आहे? मोजता आले असते, तर मोजून धरली असती. मोजता येत नाही, म्हणून घोडखडक सोडला."

शिष्याने दोन खलाशांवर दोन वर्षे रेटली. तिसऱ्या वर्षी समुद्र रुसला. तो याच वर्षी रुसेल, हे दोघा विद्वानांपैकी एकालाही सांगता आले नव्हते. दूरवर गेलेल्या होड्या रिकाम्या परतल्या. एका सकाळी शिष्याने बोयांच्या बाहेर, अगदी कडेला, जाळे टाकले. ते ओढायला दोन माणसे पुरेनात. हातभर लांबीचे हेकरू मासे, लालभडक तांबोशी! आत निवांत वाढलेली मासळी बोयांबाहेर येत होती. तिसाच्या तीस होड्या त्या कडेला भरल्या. किनाऱ्यावर ढोल वाजले.

हसलेला खलाशी धावत आला. "अरे, कडेला एवढी, तर आत किती असेल?"

"ठाऊक नाही!" शिष्य छाती भरून ओरडला.

म्हाताऱ्या तांडेलाने मान डोलावली आणि आपली तांडेलकीची काठी शिष्याच्या हातात दिली.