दिवाळीपर्यंत बंद असलेली परी

जिथे तांबड्या कातळाची टेकडी संपते आणि निळं पाणी सुरू होतं, तिथल्या माडेलवाडीत सुरंगी नावाची एक मुलगी राहायची. तिचं घर वाडीतलं सगळ्यात लहान. भिंती मातीच्या, आणि छप्पर झापांचं, म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेल्या चटयांचं. भाद्रपदातल्या एका दुपारी वारा आला आणि समुद्राकडचं अर्धं छप्पर उचलून घेऊन गेला. तेव्हापासून पाऊस थेट घरात यायचा, आणि नेमका सुरंगीच्या धाकट्या भावाच्या, बाबलच्या गोधडीवर पडायचा. बाबल रात्रभर खोकायचा. आई त्याची गोधडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढायची, आणि पाऊस मागोमाग यायचा.

गडगडत येणारा हस्ताचा पाऊस आता जवळ आला होता. त्याच्या आधी छप्पर झालं नाही, तर बाबलचं काही खरं नव्हतं.

सुरंगी शेजारच्या धाकूकाकांकडे गेली. त्यांच्या पडवीत नव्या कोऱ्या झापांची चळत छताला टेकली होती.

"काका, थोडे झाप द्या ना. बाबल भिजतो."

"दिले असते गो बाय," धाकूकाका म्हणाले, "पण हे फिरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मांडवाला लागणार. सीझन आला की."

"सीझन दिवाळीनंतर येतो. पाऊस आता येणार आहे."

"बघू. दिवाळीनंतर बघू."

ती पुढच्या घरी गेली. तिथेही दिवाळीनंतर. त्याच्या पुढच्या घरीही तेच. अख्खी वाडी अजून न आलेल्या माणसांसाठी छपरं राखून बसली होती, आणि इथे असलेलं एक पोर भिजत होतं. सुरंगीला इतका राग आला की तिने रस्त्यातल्या दगडाला लाथ मारली. दगडाला काही झालं नाही. तिचा अंगठा मात्र दुखला, आणि राग आणखी वाढला.

"मी आणते झाप," ती आईला म्हणाली. "टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावर झावळ्या पडलेल्या असतात. आपण विणू."

"एकटी जातेस? तिथे या दिवसांत चिटपाखरू नसतं."

"बरंच आहे. निदान 'बघू' म्हणायला तरी कुणी नसेल."

टेकडीवर त्या दिवसांत फुलांचा नुसता गालिचा होता. पिवळी पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि मधूनच टिकलीएवढी इवलीशी जांभळी फुलं. एरवी सुरंगी प्रत्येकाशी थांबून बोलली असती. आज ती तरातरा चालत सुटली.

पलीकडचा किनारा कुणाचाच नव्हता. त्याला नावसुद्धा नव्हतं, म्हणून तर तो अजून बराचसा शाबूत होता. पांढऱ्याशुभ्र वाळूवर एकाही चपलेचा ठसा नव्हता. चिमुकल्या खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून त्यांची नक्षी काढली होती. मर्यादवेल हिरव्या पावलांनी पाण्यापर्यंत सरपटत गेली होती आणि तिच्यावर जांभळी भोंग्यासारखी फुलं डोलत होती. लाटा चमचमत होत्या. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, कमरेला झग्याचा घोळ खोचून, कुणीतरी एक दोरी ओढत होतं आणि पुटपुटत होतं.

ती एक परी होती. उंचीला सुरंगीएवढीच. तिचा झगा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुलाबी-मोतिया होता, केसांत फेसाचे बुडबुडे चमकत होते, आणि पाठीवर उडत्या माशाच्या परांसारखे दोन पारदर्शक पंख थरथरत होते. फक्त तिचा चेहरा परीसारखा नव्हता. तो सणाच्या आदल्या दिवशी घर आवरणाऱ्या बाईसारखा होता.

"आता कोण?" परी मागे न बघताच म्हणाली. "सीझन संपला ना? मी दिवाळीपर्यंत बंद आहे."

"मी झावळ्या न्यायला आलेय," सुरंगी म्हणाली. "तुला काही मागायला नाही."

परीने वळून पाहिलं. असं वाक्य तिने बहुतेक कधी ऐकलं नव्हतं.

दोरीच्या टोकाला एक भलंमोठं फाटकं जाळं होतं. कुठल्या तरी बोटीचं तुटून वाहत आलेलं, निम्मं वाळूत रुतलेलं. त्यात काहीतरी धडपडत होतं. सुरंगीने पुढे काही विचारलं नाही. माडेलवाडीत कुणी दोरी ओढताना दिसलं की माणूस आधी हात लावतो आणि मग बोलतो. तिने पाय वाळूत रोवले आणि दोरी धरली.

"तुला जादू येते ना?" ओढता ओढता तिने विचारलं.

"दुसऱ्यांच्या इच्छा पुऱ्या करायला येते. माझ्या स्वतःच्या कामाला नाही. कुणी केला हा नियम, विचारू नकोस. मी पण विचारून दमले. ओढ."

त्यांनी ओढलं. परी घसरून पडली, उठली, पुन्हा ओढू लागली. शेवटी जाळं सुटून वर आलं. त्यात एक छोटंसं कासव होतं, गोल डोळ्यांचं, रागावलेलं. त्याच्या गळ्याभोवतीचा फास सुरंगीने दातांनी तोडला. कासव तुरुतुरु पाण्याकडे गेलं. खेकडे सुटले, शंख सुटले, तडफडणारे मासे लाटेवर सोडले. जाळ्यात तळाशी थोड्या तारल्या, म्हणजे वीतभर लांबीचे लहान मासे, तेवढ्या उरल्या. चांदीच्या पात्यांसारख्या, पण आता त्या पोहणार नव्हत्या.

परी धापा टाकत खाली बसली.

"चल, माग आता," ती म्हणाली. "मदत केलीस, म्हणजे द्यावंच लागतं. एकच इच्छा. सूर्य पाण्याला टेकायच्या आत. आणि जे देईन ते या किनाऱ्यातूनच जाईल. माझ्याजवळ माझं असं काही नाही."

"किनाऱ्यातून जाईल म्हणजे?"

परीने बोट दाखवलं. "तिकडे उघडा माळ दिसतोय? तिथे केवड्याचं बन होतं. एकाने गाडी लावायला जागा मागितली. त्या खडकाजवळ एकही खेकडा नाही. एका बाईंना फोटोत खेकडे नको होते. एक गृहस्थ तर म्हणाले, लाटांचा आवाज जरा कमी करा, झोप लागत नाही. समुद्रावर येऊन. त्या कोपऱ्यात जाऊन ऐक, लाट मुकी येते बिचारी."

"आणि तू दिलंस?"

"मागितलं की द्यावं लागतं. तोही नियमच."

सुरंगीने पाण्याकडे पाहिलं. सूर्य बराच खाली आला होता. समुद्रावर केशरी, गुलाबी, सोनेरी पट्टे हलत होते.

"मला आमच्या घराला छप्पर हवंय," ती हळूच म्हणाली. "मागितलं तर काय जाईल?"

"ते माड." परीने कडेला उभे असलेले उंच माड दाखवले. त्यांच्या शेंड्यात घारीचं घरटं होतं आणि घरट्यात दोन पिंजारलेली डोकी चोच उघडून ओरडत होती.

"त्यांचं छप्पर काढून आमच्यावर?"

"हो."

"मग बाबलचा खोकला बरा कर."

"खोकला कुणाला तरी द्यावा लागेल. बहुधा त्या कासवाला."

"तू परी आहेस की कोण?" सुरंगी चिडून म्हणाली. "एका हाताने पाटा देतेस आणि दुसऱ्याने वरवंटा काढून घेतेस. आमचे धाकूकाका परवडले. ते निदान काहीच देत नाहीत."

परीला राग आला नाही. तिचे डोळे भरून आले. "मला काय आवडतं का हे?" ती म्हणाली.

सुरंगीने घरट्यातल्या पिल्लांकडे पाहिलं. तिला बाबलची ओली गोधडी आठवली. मागून टाकावं, कोण बघतंय, असं क्षणभर मनात आलं. मग ती उठली.

"राहू दे. पडलेल्या झावळ्या आहेत तेवढ्या नेते. रात्रभर विणू." तिने झगा झटकला. "पण आधी वाटे करूया."

"कसले वाटे?"

सुरंगी कामाला लागलीसुद्धा. तिने तारल्या वाळूवर मांडल्या, एक इकडे, एक तिकडे, मोठी इकडे गेली तर दोन लहान तिकडे. दोन ढीग झाले. एक तिने परीकडे सरकवला.

"हा तुझा."

"मी मागितला नव्हता."

"वाटा मागायचा नसतो. आमच्या वाडीची रापण निघते ना, म्हणजे सगळे मिळून किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात, तेव्हा दोरीला ज्याचा ज्याचा हात लागला त्याला वाटा असतो. म्हातारं असो, पोर असो, रस्त्याने जाणारा असो. तू ओढलीस. पडलीस पण."

"पण मी परी आहे."

"मग परीने उपाशी राहायचं का?"

परी त्या ढिगाकडे बघत राहिली. कितीतरी माणसं इथे आली होती. त्या सगळ्यांनी तिला काही ना काही मागितलं होतं. दिलं कुणीच नव्हतं. तिने एक तारली उचलली, तळहातावर ठेवली, आणि तिचे पंख हळूहळू उजळू लागले. आधी फिकट निळे, मग मोतिया, मग पहाटेच्या आभाळासारखे.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "नक्की माझं?"

"किती वेळा सांगू?"

"मग हे मी देऊ शकते. किनाऱ्याला हात न लावता." परी हसली, आणि पहिल्यांदाच परीसारखी दिसली. "लवकर माग. सूर्य टेकतोय."

"छप्पर," सुरंगी म्हणाली.

परीने आपला वाटा आभाळात उधळला. तारल्यांचा एकेक खवला सुटला. लख लख करत हजार चंदेरी टिकल्या वर चढल्या, थव्यासारख्या वळल्या आणि टेकडीवरून माडेलवाडीकडे उडाल्या. घरट्यातली पिल्लं होती तिथेच होती. माड डुलत होते.

"एक मात्र मी ठेवून घेतली," परी म्हणाली. तिच्या मुठीत एक छोटीशी तारली होती. "पहिलीच भेट आहे ना."

सूर्य पाण्याला टेकला. लाटेच्या कडेवरून उजेडाची एक रेघ धावत आली, परीच्या पावलांना भिडली, आणि परी त्या उजेडात मिसळून गेली. पाण्यावर गुलाबी-मोतिया चमक क्षणभर तरंगली आणि विझली.

सुरंगी धावतच घरी आली. आई अंगणात उभी राहून वर बघत होती. घरावर कोरं छप्पर होतं. दाट विणीचे हिरवे झाप, आणि प्रत्येक पात्यावर चंदेरी झाक. धाकूकाकाही कुंपणाशी आले होते.

"झकास विणलेत गो," ते म्हणाले. "कुठून आणलेस? आमच्या मांडवाला मिळतील काय?"

"मिळतील की," सुरंगी म्हणाली. "आधी दोरीला हात लावा, काका."

काकांना काही कळलं नाही. ते दिवाळीनंतर विचार करणार होते.

त्याच आठवड्यात हस्ताचा पाऊस आला. आभाळ गडगडलं, विजा चमकल्या, सगळी वाडी दारं लावून बसली. बाबल कोरड्या गोधडीत सुरंगीला बिलगून पडला होता. डोक्यावर नुसती सरसर ऐकू येत होती.

"ताई, पाऊस कुठे पडतोय?" त्याने विचारलं.

"बाहेर," सुरंगी म्हणाली.

बाबलने थोडा वेळ ऐकलं. मग कूस बदलली आणि एकदाही न खोकता झोपून गेला.